येते म्हणून निघताना

आमच्याकडे घराबाहेर पडताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. लहानपणी मी एकदा दप्तर काखेत मारून ‘जाते गं आजी’ म्हणत पायरी उतरले, तर आजीनं हाक मारून परत बोलावलं. घोटभर पाणी प्यायला लावलं आणि ‘येते म्हण’ म्हणाली. ‘येते’ म्हटल्यावरच सोडलं. शाळा दोन गल्ल्या पलीकडे होती! तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, आपल्या भाषेनं केवढी मोठी गोष्ट एवढ्याशा शब्दात बांधून ठेवलीय. निघणाऱ्याच्या तोंडात परतण्याचा शब्द आधी घालायचा. पण एक गोष्ट ही भाषा सांगत नाही. ‘येते’ म्हणणारी येईल, ही जबाबदारी कुणाची? तिची एकटीची, की जिला ऐकू गेलं तिचीही?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. तो जानेवारी 2009मधल्या एका रात्री पडला, आणि अजून पुरता सुटलेला नाही.

आमचं घर बेळगावातलं, जुन्या वळणाचं. सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची. दिवेलागणीला चूल थंड झालेली असायची, भांडी पालथी घातलेली असायची. रात्रीचं जेवण नाही, त्यामुळं रात्रीचं बाहेर पडणंही नाही. मुलींनी तर नाहीच. हे कुणी नियम म्हणून सांगितलं नव्हतं. रात्र हा जणू दुसऱ्याचा मुलूख होता, आणि तिथं आपलं काही काम नसतं असं आम्ही धरून चाललो होतो. माझ्या लेकीलाही मी तसंच वाढवलं. ‘सातच्या आत घरात’ एवढे तीन शब्द पुरेसे असायचे. मला त्याचा अभिमानही होता.

त्या जानेवारीत लेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ‘मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते, रात्री तिथंच राहीन’ म्हणून सांगून गेली. (‘जाते’च म्हणाली, आणि मीही त्या दिवशी टोकलं नाही.) रात्री सव्वाबाराला दवाखान्यातून फोन आला. वर्गातल्या एका मुलाचा वाढदिवस होता. काकतीच्या पुढं महामार्गावरच्या ढाब्यावर सात-आठ जण जमले होते. परत येताना ज्याची गाडी तोच चालवत होता, आणि तो प्यालेला होता. ऊसतोडीचे दिवस. मागं दिवा नसलेली एक उसाची ट्रॉली अंधारात ऐनवेळी दिसली, त्यानं गाडी वळवली आणि दुभाजकावर घातली. माझ्या लेकीचं मनगट मोडलं. मागं बसलेल्या दोघींना खरचटलं. त्या मुलाचा पाय मात्र कायमचा अधू झाला. त्यांना दवाखान्यात आणून टाकलं ते एका ट्रकवाल्यानं. नाव न सांगताच तो निघून गेला. पोलिसांचं झेंगट नको म्हणाला असणार.

पहाटे प्लास्टर घालून झाल्यावर मी विचारायचं ते विचारलंच. ‘तो प्यालाय हे तुला कळत नव्हतं?’

‘कळत होतं.’

‘मग बसलीस कशाला? मला फोन करायचा. बाबा आले असते.’

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आई, त्याच्या गाडीत बसायची मला भीती वाटलीच. पण तुला फोन करायची त्याहून जास्त वाटली.’

एवढंच. तिनं हे भांडायला म्हणून सांगितलं नव्हतं, ती खरं सांगत होती. मी तिथल्या बाकावर बसून राहिले. माझा धाक तिला सुरक्षित ठेवतो असं मी इतकी वर्षं समजत होते. त्या रात्री दोन भीतींत तिला निवड करायची होती, आणि तिनं जी कमी वाटली ती निवडली. त्या गाडीचं दार उघडायला माझाही हात होता, हे मला नाकारता येईना.

पुढं त्या वर्षीच्या चातुर्मासात बस्तीत महाराजांचं प्रवचन होतं. विषय समितींचा. पाच समितींतली पहिली ईर्यासमिती. मुनींनी चालावं कसं, तर दिवसाच्या उजेडात, लोकांच्या पायाखालच्या वाटेनं, चार हात पुढची जमीन न्याहाळत. रात्री चालायचंच नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बाई मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, ‘बघा, मुनीसुद्धा रात्री बाहेर पडत नाहीत. आणि आपल्या पोरी!’ मीही मान हलवली. घरी येताना मात्र त्या मान हलवण्याची लाज वाटायला लागली. मुनी रात्री का चालत नाहीत? वाटेत त्यांना कुणी लुटेल म्हणून? त्यांच्यापाशी लुटण्यासारखं काय असतं, पिंछी आणि कमंडलू! ते चालत नाहीत, कारण अंधारात त्यांच्या पायाखाली एखादा जीव येईल. रात्रीच्या भोजनाचंही तेच. दिव्याच्या उजेडावर येणारे किडे-पाखरं ताटात पडतील, चुलीत पडतील, म्हणून जेवायचं नाही. बंधन कुणावर आहे? ज्याच्याकडून इजा होऊ शकते त्याच्यावर. ज्याला इजा होऊ शकते त्याच्यावर नाही. मुंगीला कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही की बाई, तू दिवेलागणीनंतर वारुळाबाहेर पडू नकोस. खाली बघून चालायचं आहे ते मुनींनी.

आणि आम्ही त्याच शास्त्राचा आधार घेऊन घराघरांतून मुंगीलाच दटावत होतो.

हे मी माझ्या थोरल्या भावाला बोलून दाखवलं. तो वकील, सहजासहजी हार मानणारा नव्हे. म्हणाला, ‘आक्का, तुझा दाखला चुकीचा आहे. मुंगीला सांगून कळत नाही म्हणून मुनींना खाली बघावं लागतं. पोरींना कळतं. आणि रस्त्यावरचे सगळे काही मुनी नव्हेत. जग जसं आहे तसं धरूनच वागावं लागतं की.’

त्याचं म्हणणं खोटं नाही. मी कित्येक दिवस त्यावर विचार केला. दाराला कुलूप आपणही लावतो. कुलूप लावणं शहाणपणाचं आहे. पण एखाद्या दिवशी लावायचं राहिलं आणि चोरी झाली, तर चोरीचं पाप चोराच्याच माथी, घरधन्याच्या नव्हे. जपणं वेगळं आणि दोष घेणं वेगळं. मुलीच्या बाबतीत आपण हे दोन्ही एकत्र कालवतो. आधी ‘जप गं’ म्हणतो. आणि काही झालं की तेच ‘जप गं’ फिरवून तिच्यावर उगारतो. ‘सांगितलं होतं ना?’ मग पुढच्या वेळी ती आपल्याला सांगतच नाही.

आणि जपलं म्हणजे झालं, असंही नाही. दिल्लीतली 16 डिसेंबर 2012ची रात्र आठवा. सिनेमा पाहून, बरोबर मित्र असताना, साडेनऊच्या सुमाराला ती मुलगी बसमध्ये चढली होती. सांगितलेलं सगळं तिनं पाळलं होतं: एकटी नाही, मध्यरात्र नाही, आडवाट नाही. दुसरीही एक गोष्ट विसरायची नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षे हेच सांगतात की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, मालक, मित्र. म्हणजे अंधार फक्त रस्त्यावर असतो आणि घरात उजेड, हा आपला हिशोबच मुळात कच्चा आहे. सातच्या आत घरात आलेली प्रत्येक मुलगी सुरक्षित असते असं म्हणायला मी आता धजणार नाही.

कायद्यातही हे दोन्ही विचार शेजारी शेजारी नांदताना दिसतात. 1948च्या कारखाने कायद्यानं बायकांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात कामाला ठेवायची मुभा दिली. रात्र धोक्याची, म्हणून बाईला आत ठेवा. पुढं बऱ्याच राज्यांनी ती अट सैल केली आणि मालकावर वेगळ्या अटी घातल्या: तिची संमती घ्या, ने-आण करायला गाडी द्या, उजेड ठेवा. याच्या उलट फौजदारी संहितेतलं कलम बघा, जे आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करायची नाही, आणि अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊनच करायची. रात्र इथंही धोक्याची आहे, पण हात बांधलेत ते पोलिसांचे. ज्याच्या हाती बळ, त्याच्यावर बंधन. दुसऱ्या कायद्याला समितीचा अर्थ बरोबर कळलाय असं मला वाटतं.

इंग्लंडात 1977 साली बायकांचे खून पाडणारा एक माणूस सापडत नव्हता, तेव्हा पोलिसांनी बायकांनाच सांगितलं, रात्री बाहेर पडू नका. त्यावर लीड्स शहरातल्या बायका 12 नोव्हेंबरच्या रात्री मशाली घेऊन रस्त्यावर उतरल्या. संचारबंदी घालायची तर पुरुषांवर घाला, असं त्यांचं म्हणणं. 14 ऑगस्ट 2024च्या मध्यरात्री कोलकात्यात आणि बंगालभर बायका तशाच बाहेर पडल्या. त्या वेळी तर प्रश्न बाहेर हिंडणाऱ्या मुलीचा नव्हताच. रात्रपाळीला, आपल्या कामाच्या जागी असलेल्या डॉक्टर मुलीचा होता. मी काही मशाल घेऊन निघणारी बाई नव्हे. पण टीव्हीवर ते बघताना मला दवाखान्यातला तो बाक आठवला.

आता कुणी म्हणेल, मग संयम नकोच का? रात्रीबेरात्री हिंडावं, काय वाट्टेल ते करावं? तसं मी म्हणत नाही. आमच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. श्रावक स्वतःच्या मनानं ठरवतो की अमुक दिशेला अमुक मर्यादेपलीकडे मी जाणार नाही. किती सुंदर कल्पना आहे! पण ते व्रत केव्हा होतं? जो जाऊ शकतो तो थांबतो, तेव्हा. दुसऱ्यानं कडी घातल्यावर आत बसलेल्याला कुणी व्रती म्हणत नाही. मी माझ्या लेकीला संयम शिकवला नव्हता, कडी घातली होती. कडी एकदा निघाली की आत काहीच उरत नाही. ना विचार करायची सवय, ना नाही म्हणायचं बळ. त्या रात्री ढाब्यावर तिला जी गोष्ट हवी होती ती ‘सातच्या आत’ नव्हती. ‘मी या गाडीत बसणार नाही’ हे वाक्य सात जणांसमोर म्हणता येणं, ही हवी होती. ते मी तिला कधी शिकवलंच नव्हतं. उलट थोरल्यांसमोर, चारचौघांत गप्प राहायचं हेच शिकवलं होतं.

आणखी एक व्रत मला त्यानंतर नव्यानं उमगलं. अनर्थदंडव्रत. कारणावाचून होणाऱ्या, टाळता येण्यासारख्या हिंसेपासून दूर राहायचं. त्यात पाच प्रकार सांगितलेत आणि त्यांतला एक हिंसादान: ज्यानं इजा होईल असं साधन दुसऱ्याच्या हाती देणं. तलवार, विष, अग्नी, असं प्रवचनात ऐकत आलो. प्यालेल्या माणसाच्या हाती गाडीची किल्ली देणं हे हिंसादान नव्हे तर काय? ढाब्यावर आठ जण होते. सात जणांनी बघितलं की तो अडखळतोय. किल्ली टेबलावर होती. कुणीही उचलून खिशात टाकली असती तर त्या मुलाचा पाय आज धड असता. पण मित्राचा अपमान कसा करायचा! हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो, म्हणजे गाफीलपणा, असं आमचे आचार्य सांगत आलेत. त्या आठांतल्या कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. फक्त कुणीच जागं नव्हतं.

मी स्वतः दारूला कधी शिवलेली नाही, आणि कुणी शिवू नये असंच मला वाटतं. मद्यत्याग हा श्रावकाच्या मूलगुणांतला. पण आपण पीत नाही म्हणून पिणाऱ्यांशी आपला संबंध संपत नाही, हे आता मला पटलंय. आमच्या पोरी ज्या जगात वावरतात तिथं पिणारे बरेच असतात. शनिवारी चोर्ला घाटातून गोव्याकडं जाणाऱ्या गाड्या बघा, आणि रविवारी रात्री परतणाऱ्याही. पावसाळ्यात त्या घाटात धुकं असं उतरतं की समोरचं वळण दिसत नाही. त्या गाड्यांत आपलीच मुलं असतात. ‘आमची पीत नाही’ एवढ्यावर समाधान मानून झोपणं म्हणजे आपलं तेवढं पुण्य राखणं झालं. न पिणारीवर उलट जास्त जबाबदारी येते. त्या टोळक्यात जागी असलेली तीच एकटी.

गेल्या वर्षी याची परीक्षाच झाली. माझ्या भावाची मुलगी, माझी भाची, शिकायला आमच्याकडे राहते. ती आली तेव्हाच मी तिला सांगून टाकलं होतं, ‘आपल्या घरी एकच नियम. आधी गाडी, मग प्रश्न. रात्री कितीही वाजता, कुठूनही, कुठल्याही अवस्थेत फोन कर. कुणीतरी न्यायला येईल. का, कशी, कुणाबरोबर हे सकाळी चहा झाल्यावर. तोवर एक अक्षर नाही.’ तिला खरं वाटलं नसावं. ‘बघू की आत्या,’ म्हणाली.

पुढं एका रात्री पावणेएकला तिचा फोन आला. ‘आत्या, मी ठीक आहे. पण माझ्या मैत्रिणीनं जरा जास्त घेतलीय. तिला दोन मुलगे सोडतो म्हणतायत. मला ते बरं वाटत नाही. मी तिला घेऊन हॉटेलच्या काउंटरपाशी बसलेय.’ आम्ही दोघं निघालो. यांनी स्वेटरवरच मफलर गुंडाळला. वाटभर मी दातावर दात दाबून बसले होते. खोटं कशाला सांगू, शंभर प्रश्न जिभेवर होते! तिथं पोचलो तर ही मैत्रिणीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, मैत्रिणीची चप्पल आणि पर्स स्वतःच्या पिशवीत. तो काउंटरवरचा मुलगाही चांगला. आम्ही येईपर्यंत त्यानं त्या दोघांना बाहेरच थोपवून धरलं होतं.

घरी आणल्यावर त्या मुलीला आम्ही कुशीवर निजवलं. उताणं निजवायचं नाही, उलटी झाली तर श्वासात अडकते, हे मला आमच्या डॉक्टरीणबाईंनी कधीतरी सांगितलं होतं. लिंबू, कॉफी, थंड पाण्याचे हबके यांनी दारू उतरत नाही, ती वेळानंच उतरते. आपण करायचं ते एवढंच, की एकटं सोडायचं नाही, श्वास बघत राहायचा. हाक मारून जागी होत नसेल, श्वास मंद लागत असेल, अंग गार पडत असेल तर लाजबीज न बघता दवाखाना गाठायचा. भाची आणि मी आळीपाळीनं जागलो. पहाटे मुलीला जाग आली, आणि कुठं आहोत हे कळल्यावर ती रडायला लागली. ‘काकू, घरी सांगू नका.’ मी म्हटलं, ‘मी सांगणार नाही. तू सांग. आज नाही, पण सांग. आणि तुझी आई ओरडली तर तिला माझ्याकडे पाठव.’ तिनं सांगितलं की नाही मला ठाऊक नाही. पण तिची आई आली नाही.

चहा झाल्यावर भाचीनंच विचारलं, ‘आत्या, विचार की आता.’ मग आम्ही दोघी बोलत बसलो आणि एक गोष्ट ठरली. बाहेर कसं जायचं यापेक्षा परत कसं यायचं हे निघतानाच ठरवायचं. आमच्या कर्नाटकात जून 2023पासून बायकांना सरकारी बस फुकट झाली. फार चांगलं झालं. पण शेवटची बस कितीला, हा प्रश्न उरतोच. तो आधी विचारून ठेवायचा. फोन पुरा चार्ज केलेला, आणि फोन बंद पडला तर म्हणून पाच-सहाशे रुपये वेगळ्या कप्प्यात. दोन नंबर तोंडपाठ हवेत, कारण फोनबरोबर नंबरही जातात. आपला ग्लास, मग त्यात नुसतं लिंबूपाणी का असेना, नजरेआड करायचा नाही. केलाच तर तो सोडून द्यायचा, दुसरा मागवायचा. रिक्षा किंवा टॅक्सी आली की बसायच्या आधी नंबरपाटी फोनवरच्या नंबराशी ताडायची, ‘कुणासाठी आलात?’ हे त्यालाच विचारायचं, आपण होऊन आपलं नाव सांगायचं नाही. मागं बसायचं. दार आतून उघडतं का बघायचं. वाटेत काही खटकलं तर 112. आणि ज्या मिळून गेल्या त्यांनी मिळूनच परतायचं. एकीलाही ‘मी जाईन गं’ म्हणून मागं सोडायचं नाही.

हे सांगताना मी तिला आणखी एक गोष्ट बजावली. यातलं एखादं चुकलं, विसरलं आणि काही झालं, तर तो तुझा दोष नव्हे. ही यादी कुलपासारखी आहे. न्यायनिवाड्यासाठी नाही. तिनं ते नुसतं ऐकून घेतलं. काही गोष्टी प्रसंग आल्याशिवाय पटत नाहीत.

पण ही यादी मी फक्त भाचीलाच का दिली, हे मला नंतर टोचत राहिलं. तिचा धाकटा भाऊ सुट्टीत येतो. तो रात्री अकराला ‘येतो आत्या’ म्हणून मोटरसायकल काढतो आणि आम्ही ‘हूं’ म्हणतो. मुलगा आहे, येईल! रस्त्यावर मरणारी, पाय गमावून बसणारी मुलं काय कमी आहेत? तो ढाब्यावरचा मुलगाही कुणाचातरी ‘येईल’च होता. आणि माझाच दाखला खरा मानायचा, तर चार हात पुढची जमीन बघायला आधी शिकवायचं ते ज्याच्या हाती गाडी, ज्याच्या अंगात जोर, त्याला. म्हणून या दिवाळीत त्याला समोर बसवलं. म्हटलं, ‘रक्तात शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली की गुन्हा. पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण तू दंडाला भिऊन वागू नकोस. मित्र प्याला तर किल्ली तू घे. तुमच्यातला कुणी प्यालेल्या मुलीला सोडायला उत्सुक असेल तर त्याच्या आणि तिच्यामध्ये तू उभा राहा. अंधारात पुढं एखादी बाई एकटी चालत असेल तर रस्ता ओलांडून पलीकडनं जा, तिच्या पाठीमागं चालू नकोस. अपघात दिसला तर थांब. आता मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती नाही, 2019 साली मोटार वाहन कायद्यात तसं कलमच घातलंय.’ तो म्हणाला, ‘आत्या, एवढं सगळं मला कुणी कधी सांगितलंच नाही.’ खरंच होतं. आम्ही सगळं मुंगीलाच सांगत बसलो होतो.

लेक आता हैदराबादला असते. तिच्या मनगटाला थंडीत अजून कळ लागते. परवा फोनवर मी तिला हे सगळं सांगितलं. मैत्रिणीला आणलं ते, आणि ‘आधी गाडी, मग प्रश्न’ तेही. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘हे मला का नाही सांगितलंस तेव्हा?’ मी म्हटलं, ‘तेव्हा मला ठाऊक नव्हतं.’ याहून बरं उत्तर माझ्याकडे नाही. एकीच्या मनगटावर शिकलेलं दुसरीच्या कामाला आलं. हा हिशोब कुठल्याच बाजूनं जुळत नाही.

पूर्वी माणूस गावाहून परत गेला की चार दिवसांनी पोस्टकार्ड यायचं. ‘सुखरूप पोचलो.’ चार दिवस घर त्या दोन शब्दांची वाट बघायचं. आता भाची जिना चढता चढताच फोनवर नुसतं ‘पोचले’ लिहिते, मैत्रिणींच्या गटावर. तिकडून एकेकीचं येतं. पोचले. पोचले. सगळ्यांची आल्याखेरीज ती फोन खाली ठेवत नाही. एखादीचं राहिलं तर तिला फोन लावते. मी आतल्या खोलीत जागीच असते. सोप्यातला दिवा आम्ही तिच्यासाठी चालू ठेवतो. रात्रीच्या दिव्यावर किडे येतात म्हणून आमच्या आजीनं तो कधी ठेवू दिला नसता. मी विचार केला आणि ठेवायचं ठरवलं, फक्त बारीक, जाळीच्या आत. ती दार लावून घेते, कडी घालते, आणि माझ्या खोलीच्या दारात येऊन हळूच म्हणते, ‘आले गं आत्या.’

मी ‘हूं’ म्हणते, आणि प्रश्न सकाळवर ठेवून कूस बदलते.